पत्रिकेतलं चोविसावं नाव

रविवार, १२ मे २०२४, सकाळी साडेदहा. सामानाचा खर्च ८६५ रुपये. हजर दोघंच, मी आणि माझी बायको मालती. ठिकाण : जळगावातल्या आमच्या घराचा पुढचा हॉल, कूलर चालू.

एवढं आधीच लिहून टाकलं, कारण एका पाइप कारखान्यात मी एकतीस वर्षं हिशेब बघितले. व्हाउचर नसेल तर सही नाही. असले चमत्कारिक अनुभव सांगणाऱ्याला मी एकच विचारायचो — तुम्ही स्वतः पाहिलंत का? बहुतेकांनी दुसऱ्याकडून ऐकलेलं असायचं. हे मात्र मी स्वतः पाहिलं आहे.

मालती मोबाइलवर बघून डेकोपाज शिकली. म्हणजे कागदी चित्रं कापून बोर्डवर चिकटवायची आणि वरून वार्निशचे हात द्यायचे... चित्र बोर्डवरच रंगवल्यासारखं दिसतं. कागदाला आमच्याकडे तोटा नव्हता. लग्नपत्रिकेवर गणपती असतो, ती कचऱ्यात कशी टाकणार? कपाटावर दोन पिशव्या भरून पडल्या होत्या. आमच्या लेकीने, रूपालीने धुळ्यात फ्लॅट घेतला, तिच्या भिंतीसाठी मालतीने बेत केला — वर गणपती, खाली रूपालीच्याच पत्रिकेतली निमंत्रकांची यादी.

पत्रिका जाड असते. मागून ओलं फडकं लावून वरचा छापील पापुद्रा अलगद सोलावा लागतो. ते काम माझ्याकडे. सोलला, चिकटवला, जुन्या एटीएम कार्डाने हवेचे फुगे काढले. सवयीने नावं मोजली. तेवीस.

खरं तर पंचवीस असायला हवी होती. दोन मी खोडली होती.

माझी मोठी बहीण विमलअक्का दोंडाईचाला असते. २०१९ मध्ये रूपालीला एक चांगलं स्थळ आलं होतं. तिच्या चष्म्याचा नंबर आम्ही त्यांना सांगितला नव्हता. त्यांनी अक्काला विचारलं, तिने सांगून टाकलं — उणे सहा. स्थळ मोडलं. पुढे दुसरीकडे जमलं तेव्हा पत्रिकेच्या प्रुफावर मी लाल पेनने एकच रेघ मारली, अक्का आणि मेहुणे दोघांवरून. सख्ख्या फुईचं, म्हणजे आत्याचं, नाव नसलेली पत्रिका, तीही तिला पोस्टाने पाठवली. अक्का लग्नाला आली नाही. दोन वर्षांनी मेहुणे गेले, तेव्हा मी दुखवट्याला दारावर बसायलाही गेलो नाही.

मे महिन्यात आमच्याकडे वार्निश लगेच सुकतं. तिसरा हात देऊन झाला आणि मालती बोट ठेवून यादी वाचत होती. थांबली.

"अहो, अक्कांचं नाव होतं यात?"

"नव्हतं."

"मग हे काय?"

काका-काकूंच्या खाली, मामांच्या वर — श्रीमती विमल, पुढे सासरचं आडनाव. तीच सोनेरी शाई, तोच टाइप. पुन्हा मोजली. चोवीस. नखाने खरवडलं, नाव वार्निशच्या खाली होतं. रूपालीच्या लग्नाच्या उरलेल्या चौदा पत्रिका काढल्या, एकीतही नाही. छापणाऱ्याकडे गेलो. त्याने फाइल उघडून दाखवली, तिथेही नाही. चिकटवण्याआधी मी यादीची उंची मोजली नव्हती, नाहीतर ओळ वाढली का ते कळलं असतं, ही चूक माझी. पण पत्रिका छापली तेव्हा मेहुणे धडधाकट होते. 'श्रीमती' कोण छापेल?

मालती म्हणाली, हे रूपालीला द्यायचं नाही, अक्कांकडे घेऊन जा आणि पाया पडा.

पुढच्या रविवारी दोंडाईचाला गेलो. अक्काने पाणी दिलं. कशी आहेस म्हटलं, तर बरी शे म्हणाली. बोर्ड खुर्चीवर टेकवून तिने सावकाश वाचला. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"नंबर खरा व्हता ना, भाऊ?"

"व्हता."

"मंग?"

तिने नावावरून पदर फिरवला, धूळ पुसावी तसा. आवाज जरा मऊ झाला.

"हाई नाव तू लावं का?"

हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, हे त्या क्षणीही मला कळत होतं. पण मी झालं तसं सांगितलं. तेवीस, मग चोवीस, छापणाऱ्याची फाइल, सगळं. मी नाही लावलं अक्का, ते आपोआप आलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे आजून बी तू मन्हं नाव लावं नही."

बोर्ड तिने स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली आणि माझ्या हातात दिला. चहाचं विचारलं नाही.

बोर्ड सध्या आमच्या पलंगाखाली आहे. कालच काढून पाहिला, चोवीसच नावं आहेत. कागद, शाई, वार्निश या विषयात कोणी जाणकार असेल तर कळवावं, माझ्याकडे खुलासा नाही. त्या दिवशी स्टेशनपर्यंतच्या रिक्षावाल्याने माझे चाळीस घेतले आणि बोर्डाचे वीस वेगळे मागितले. साठ रुपये दिले.