मिरची, मीटिंग आणि न पडलेलं सुतक

आमच्या घरात कोणीही वारलेलं नाही, असं गेल्या मे महिन्यात मला कंपनीला लेखी द्यावं लागलं. खाली सही, तारीख, सगळं. सासूबाईंचीही सही आणू का, असं मी विचारलं होतं. नको म्हणाले.

मी परळला एका काचेच्या टॉवरमध्ये कामाला आहे. काम काय, तर मोठी माणसं मीटिंगमध्ये जे बोलतात ते लिहून काढायचं. बोलतात दोन तास, निघतं अर्धं पान. चौदा वर्षं मी ते अर्धं पान लिहितेय. असे आम्ही चौघं होतो. यंदा एक मशीन आलं. (तसं ते दिसत नाही, कॉम्प्युटरच्या आत कुठेतरी असतं, पण आम्ही मशीनच म्हणतो.) ते ऐकतं, चेहरे बघतं आणि मीटिंग संपायच्या आत सगळ्यांना पान पाठवून मोकळं होतं. चहा पीत नाही, रजा मागत नाही, एसीबद्दल कुरकुरत नाही. त्यामुळे चौघांतला एकच राहणार, अशी कुणकुण होती. आमचा साहेब श्रेयस, वय वर्षं एकोणतीस, एकेकाला व्हिडिओवर घेऊन निकाल सांगत होता. माझा नंबर बुधवारी दुपारी बाराला. बुधवारी आम्हाला घरून काम असतं.

आणि त्याच बुधवारी सकाळी सासूबाईंचा मसाला होता.

आता हे नीट सांगायला हवं. माझं माहेर गिरगावातलं, तिथे मसाला पाकिटातून येतो. सासर लालबागचं, मूळ मालवणचं. इथे वर्षाचा मसाला म्हणजे घरातलं कार्य. मिरच्या बघून, हुंगून, दुकानदाराशी भांडून घ्यायच्या, गच्चीत दोन दिवस वाळवायच्या, मग बाजारात नेऊन भाजून घ्यायच्या आणि डंकावर, म्हणजे लोखंडी मुसळांच्या यंत्रावर, कुटून आणायच्या. मिरचीचा भाव यंदा ऐकून माझा नवरा म्हणाला होता, आई, मोबाइलवर मागवलं तर पाकीट दहा मिनिटांत येतं. त्यावर सासूबाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, पण त्याचं वाढलेलं पोट हा विषय काढून.

डंकावर नंबर लागला की तिथून हलायचं नाही, हा त्यांचा कायदा. नजर हलली की दुसऱ्याची हलकी मिरची आपल्यात येते, असं त्यांचं ठाम मत. पण यंदा त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून डंकासमोर स्टुलावर त्या आणि भाजणाऱ्या बाईच्या कढईपाशी मी, अशी वाटणी झाली. दहाला गेलो, साडेअकराला घरी येऊ, अंघोळ करून बाराला साहेबासमोर बसू, असा माझा हिशोब होता.

अकराला श्रेयसचा मेसेज आला. बारा वाजता त्याला दुसरं काम निघालं होतं. आत्ताच बोलूया का, पाचच मिनिटं?

नाही म्हणायला हवं होतं. पण ज्याच्या हातात आपली नोकरी, त्याला "थांब रे, मिरची भाजतेय" कसं सांगणार? मी अक्कल चालवली. व्हिडिओत मागचं सगळं पुसट करायची सोय असते, ती लावली. डंकाच्या आवाजापासून जरा लांब, म्हणजे भिंतीला पाठ लावून उभी राहिले. ती भिंत बरोबर कढईच्या धुराच्या तोंडाशी होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

श्रेयस दिसला. मी हसले. तो गंभीर होऊन म्हणाला, "वर्षाताई, हे सांगणं मला सोपं नाहीये."

आणि नेमक्या त्याच क्षणी भाजणाऱ्या बाईने कढईत तिखट मिरचीचा अख्खा पसा टाकला.

डोळ्यांतून धार लागली. नाक सुरू झालं. "बोल ना" म्हणायला तोंड उघडलं तर ठसका लागला आणि त्यानंतर शिंका, मोजून सात. श्रेयस बावरला. "ताई, सगळं ठीक आहे ना?" मी हाताने नाही नाही, काही नाही, असं केलं. त्याला त्यातलं पहिलं "नाही"च पोचलं असावं. इतक्यात सून कोणाशी बोलतेय ते बघायला सासूबाई स्टूल सोडून आल्या आणि पदर डोळ्यांना लावून माझ्या खांद्यावरून डोकावल्या. त्यांच्या मागून डंकवाले काका, मसाला बारीक हवा की जाडसर ते विचारायला. त्यांनी तोंडाला टॉवेल बांधला होता, डोळे लालभडक. त्या इवल्याशा चौकटीत आम्ही तिघं ढसाढसा रडतोय आणि मागे धाड, धाड, धाड!

श्रेयसचा चेहरा उतरला. "ताई, आपण नंतर बोलू. घरच्यांना सांभाळा," म्हणाला आणि गेला.

हे सांगणं सोपं नाही, म्हणजे माझी गेली. चौदा वर्षं गेली. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? मग मला खरंच रडू आलं. पण तिथे आधीच सगळा बाजार रडत होता, कोणाला काय कळणार?

सासूबाईंना कळलं. स्टुलावर परत बसता बसता त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, ह्या रडणा मिरचीचा नाय. काय झाला?"

मी सांगितलं. त्यांनी आपल्या लाल हाताने माझा हात धरला. "गेली तर गेली. आपण बघूया काय ता. पण आता तू माझ्या जागेवर बस आणि डंकावरची नजर काढू नको." म्हाताऱ्या माणसाने एवढं म्हटलं की धीर येतो. मी बसले, नजर काढली नाही.

दुपारी घरी येऊन डोक्यावरून अंघोळ करते न करते तोच दारात ऑफिसमधले देशपांडे उभे, पांढऱ्या शर्टात. आत आले, भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोला हात जोडून बराच वेळ मान खाली घालून राहिले. सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण सासूबाई रोज ताजा हार घालतात. त्या तर भारावूनच गेल्या. इतक्या वर्षांनी ऑफिसची माणसं यांची आठवण काढतात! त्यांनी देशपांड्यांना चहा दिला, सासऱ्यांच्या मिलमधल्या चार गोष्टी सांगितल्या, दोनदा हसल्यासुद्धा. देशपांडे ओल्या केसांच्या माझ्याकडे आणि हसणाऱ्या विधवेकडे आळीपाळीने बघत बसले.

ते गेल्यावर मी मोबाइल उघडला. मशीनने आमच्या त्या मीटिंगचं पान लिहून सगळ्यांना पाठवलं होतं. कर्मचारी शोकाकुल. दोन ज्येष्ठ नातेवाईकही उपस्थित व शोकाकुल. मागे छाती पिटल्याचा आवाज. निष्कर्ष: कुटुंबात निधन. खाली सत्तावीस जणांनी हात जोडले होते आणि माझ्या नावावर तीन दिवसांची दुखवट्याची रजा चढली होती.

दुसऱ्या दिवशी मी श्रेयसला सगळं खरं सांगितलं. घरून काम म्हणून डंकावर गेले होते, हेही.

"म्हणजे कोणी गेलेलं नाही?"

"नाही रे. मिरची होती."

तो हसायला लागला तो थांबेचना. मग म्हणाला, "मशीनच्या जागी तुम्ही असता, तर काय लिहिलं असतं?"

"मी लिहिलंच नसतं. आधी फोन करून विचारलं असतं, बाई का रडतेस म्हणून."

श्रेयसने तेच वर सांगितलं. बाकीचे तिघे दुसऱ्या विभागात गेले आणि मी राहिले. माझं काम आता मशीनचं पान बाहेर जायच्या आधी वाचायचं आणि त्याच्या चुका त्याला दाखवायच्या. म्हणजे ते शिकतं.

निकाल कळला त्या संध्याकाळी सासूबाई बरणीत हिंगाचे खडे घालून मसाला दाबून भरत होत्या. मी ऐटीत सांगितलं, आई, एवढं मोठं मशीन, पण मिरचीचं रडणं आणि दुःखाचं रडणं त्याला ओळखता येत नाही.

त्यांनी बरणीतून मान वर केली नाही. "तुझ्या लग्नानंतर पहिल्या वर्षी मी घरात मिरची परतत होते. तू धावत आलीस, मला मिठी मारलीस, स्वतः रडलीस आणि नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेतलंस. आईला काय बोललास म्हणून त्याच्याशी भांडलीस."

मी बरणीचं झाकण शोधायला लागले.

"तुका तरी मी घराबाहेर काढलंय? शिकवलंय. तीन वर्सां लागली." बरणीचं झाकण लावून त्या उठल्या. "ता मशीनही शिकात."

माझ्या निवृत्तीला अजून एकोणीस वर्षं आहेत. ते मशीन माझ्यासारखंच मठ्ठ निघू दे, असा नवस मी बोललेय. पण माझ्याइतकं मठ्ठ सापडणं कठीण आहे, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं.