प्रश्नचिन्हाची चिठ्ठी

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. बस डेपोच्या मागच्या दलदलीत लव्हाळेबाई पोटरीभर चिखलात उभ्या होत्या आणि मनातल्या मनात मोठ्या साहेबांचा उद्धार करत होत्या.

लव्हाळेबाई हे त्यांचं नाव नव्हे. रानातल्या वनस्पतींची पाहणी करणाऱ्या कार्यालयात त्या आयुष्यभर आहेत, आणि बाकीचे लोक ज्याला गवत म्हणून तुडवत जातात त्या लव्हाळ्यावर त्यांचा जीव. म्हणून हे नाव पडलं. त्यांनाही ते चालतं.

डेपोला या दलदलीत भराव टाकून बस उभ्या करायच्या आहेत. त्याआधी इथे काय उगवतं याचा अभिप्राय बाईंच्या कार्यालयाने द्यायचा. बाकी सगळं ओळखीचं होतं, एक लव्हाळा सोडून. तो साधाही असू शकत होता, किंवा फार वर्षांत या भागात कोणाला न दिसलेला त्याचा चुलतभाऊ. दोघं वरून सारखेच. फरक फक्त पिकलेल्या फळात. साध्याचं फळ बोडकं, दुसऱ्याच्या बुडाशी बारीक केसांचा झुबका. बाईंनी नमुना नेला तेव्हा फळ कच्चं होतं. त्यांनी तो दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवला आणि कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं : ‘फळ कच्चं. नाव नक्की नाही.’ पुढे प्रश्नचिन्ह.

काल दुपारी कार्यालयातलं नमुन्यांचं कपाट उघडलं तर ती चिठ्ठी गायब. तिथे टाइप केलेली नवी : साधा लव्हाळा. ओळख पटवणारी म्हणून खाली बाईंचं नाव.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या कामात जुनी चिठ्ठी कोणी काढत नाही. नाव चुकलं असेल तर शेजारी दुसरी लावायची, खाली आपलं नाव आणि तारीख घालायची. पुढे कधी कोणी तो कागद उघडला तर कोण काय म्हणालं आणि कोण कुठे चुकलं, सगळं दिसलं पाहिजे.

“अहो बाई, गवत ते,” साहेब म्हणाले होते. “प्रश्नचिन्हं पाठवली तर वरचे विचारतात, पगार कशाचा घेता?”

“मग खाली तुमचं नाव घालायचं होतं.”

“तुमच्या नावाला वजन आहे.”

“म्हणून न विचारता उचललंत?”

“अभिप्राय उद्या जायचाय. फळ पिकलं असेल आता, जा, बघून या. साधाच निघेल.”

रात्री घरी जेवताना त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. नवरा शांतपणे ऐकत होता. नमुने दाबायला घरातली वर्तमानपत्रं जातात, हे त्याचं जुनं दुखणं. “साहेबाचं काय ते बघ,” तो म्हणाला, “पण आजचा पेपर माझा वाचून होईपर्यंत माझाच राहू दे. मग घाल गवताला.” बाई हसल्या नाहीत. पेपर मात्र ठेवला.

आता त्यांनी एक तुरा चोळून तळहातावर फळं पाडली आणि भिंग डोळ्याला लावलं. बोडकं. दुसरा तुरा, पलीकडच्या काठावरचा. बोडकं. दलदलीच्या चारही बाजू फिरून त्या पुन्हा होत्या तिथे आल्या. झुबका कुठेच नाही.

“सापडलं का मॅडम?” डेपोच्या वॉचमनने कुंपणावरून विचारलं.

“साधाच आहे.”

“मग आता भराव?”

“हो,” बाई म्हणाल्या. साहेबांचं बरोबर निघालं होतं, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं. न बघता मारलेला खडा लागला, की माणूस दुसरा मारायला मोकळा.

कार्यालयात साहेब खुर्चीत मागे रेलले. “बघा! मी काय म्हणत होतो?”

“तुम्ही नुसतं म्हणत होतात. बघितलं मी आज.” बाईंनी डिंकाची बाटली ओढली आणि टाइप केलेल्या चिठ्ठीच्या शेजारी आपली लावली. नाव, आजची तारीख, ‘पिकलेलं फळ पाहून’. मग आणखी एक : ‘मूळ चिठ्ठी साहेबांच्या सांगण्यावरून काढली.’

“हे कशाला आता?” साहेब सरळ बसले.

“पुढे कोणी कागद उघडला तर कळायला नको?”

दलदलीच्या अभिप्रायावर त्यांनी सही केली. करताना मनात आलं, काढलेली चिठ्ठी ही एकच कशावरून? चिठ्ठ्या चिकटवणारा कारकून दाराशी डिंकाच्या बाटलीची वाट बघत उभा होता.

“खरं सांग रे. अजून कुठल्या काढल्यास?”

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांना एकदम कोणाला तरी फोन करायची आठवण झाली.

“ताई, नदीकाठच्या,” तो पुटपुटला. “प्रश्नचिन्हवाल्या सगळ्याच.”

नदीकाठी बंधारा व्हायचा आहे आणि त्याचा अभिप्राय शुक्रवारी जायचा आहे. बाईंनी डिंकाची बाटली कारकुनाच्या हातात दिली नाही. झाकण घट्ट लावून पिशवीत टाकली, तिच्यामागून भिंग टाकलं.

“शुक्रवारच्या कागदावर माझी सही लागते ना साहेब?” दारातून वळून त्यांनी विचारलं. “मग तोवर तिथे कोणाचं नाव घालू नका. माझंही नाही.”

नदीकाठची पहिली बस डेपोतून पावणेसहाला सुटते. उद्या लव्हाळेबाई त्या बसने जाणार आहेत.