बाळाला लांब ठेवा

खजुरीच्या फाट्यावर सोलापूरची गाडी आली तेव्हा माझी पेटी अक्काच्या डोक्यावर होती. एमबीबीएस करून मी पुण्याला मनोविकाराचं पुढचं शिकायला चालले होते, आणि माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, बारावीनंतर घरी बसवलेली माझी बहीण पेटी घेऊन पुढं धावत होती. अप्पा माझ्या तिकिटाचे पैसे मोजत होते. अव्वा, म्हणजे आमची आई, कुरकुरली, "डोळ्याची न्हाईतर हाडाची डॉक्टर हो म्हणलं, तर ही येड्यांची व्हायलीय." अक्का म्हणाली, "जाऊ दे गं अव्वा, आपल्या गावात तेच गिऱ्हाईक जास्त हाय." सगळेच हसलो. गाडी सुटली तेव्हा मला अक्काबद्दल काहीसुद्धा वाटलं नाही. खिडकीची जागा मिळाली याचाच आनंद होता.

पुण्यात कळलं, मनाच्या डॉक्टरकीतही केवढ्या शाखा! लहान मुलांचं वेगळं, म्हाताऱ्यांचं वेगळं, दारू-गांजा सोडवणारे वेगळे, कोर्टात आरोपीच्या मनाबद्दल साक्ष देणारे आणखी वेगळे. सहा महिन्यांत माझ्या तोंडातून 'स्ट्रेस' आणि 'इनसाइट' सांडायला लागले. फोनवर अव्वा वैतागायची, "नीट बोल की गं, मराठीत न्हाईतर कानडीत." मला वाटायचं, हिला काय कळतंय.

मी निघाल्यावर लगेच अक्काचं लग्न झालं आणि दुसऱ्या वर्षी ती मेहकरच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला खजुरीला आली. मुलगा झाला. आठव्या दिवसापासून तिची झोप उडाली. भिंतीशी बोलायची, बाळाकडं बघून "हे माझं न्हाई, बदललंय" म्हणायची. अव्वानं दबक्या आवाजात मला सांगितलं, "बाळंतवारं लागलंय. बायांना लागतंय की. सासरच्यांना एवढंच सांगू. तू गुपचूप येऊन औषध दे." आमच्याकडं हे वारं बाईच्या माथी मारत नाहीत. ते येतं, मठातला अंगारा लावतात, ते उतरतं. बाई न्हाऊन पुन्हा चुलीशी बसते आणि नंतर कोणी त्याचा विषयही काढत नाही.

मला मात्र असा संताप आला! अंगारे-धुपारे ऐकायला एवढं शिकले होय मी? बाराव्या दिवशी नाव ठेवायला अक्काचा नवरा आणि सासूबाई खजुरीला आले होते. मी दाजींना फोन लावला आणि ठणकावून सांगितलं, "हे वारं-बिरं काही नाही. हा मानसिक आजार आहे. दवाखान्यात ठेवावं लागेल. आणि बाळाला तिच्यापासून लांब ठेवा."

निदान बरोबर होतं. आजही मी तेच निदान करीन. पण अव्वाच्या शब्दात परत यायची वाट होती, आणि माझ्या शब्दात ती नव्हती, हे मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अप्पा अक्काला घेऊन पुण्याला आले आणि सासूबाई बाळाला घेऊन मेहकरला गेल्या.

दोन महिन्यांत अक्का ठणठणीत बरी झाली. अप्पा बाळ मागायला तीनदा मेहकरला गेले. येडीच्या हातात लेकरू देत न्हाई, हे एकच उत्तर. वर्षभरात फारकत झाली, दाजींनी दुसरी केली. कोर्टात जाऊ म्हटलं तर अप्पा म्हणाले, "आजून चारचौघात कशाला?"

पुढं शिकताना कळलं की बाळंतिणींच्या मनाचीही एक शाखा आहे. तिथं आई आणि बाळ एकाच वॉर्डात, नर्सच्या नजरेखाली ठेवतात. बाळाला जपतात, पण आईपासून तोडत नाहीत. मी तीच शाखा घेतली. हीच का, असं मुलाखतीत विचारलं तेव्हा म्हणाले, "संशोधनाला वाव आहे." खोटारडी मेली! आता माझ्या वॉर्डात प्रत्येक खाटेशेजारी पाळणा असतो. नातेवाईक आले की आधी चहा पाजते, मग विचारते, तुमच्याकडं याला काय म्हणतात? ते म्हणतील त्याच शब्दात समजावते आणि गोळ्या सुरू करते. बाया लेकरू घेऊन घरी जातात, नंतर पेढे आणून देतात. मला तो पेढा गिळवत नाही.

मागच्या महिन्यात धीर करून मेहकरला गेले. भाचा आता नऊ वर्षांचा आहे, तो शाळेत होता. सासूबाईंना म्हटलं, चूक माझी होती, मी तुम्हाला घाबरवलं. महिन्यातून एकदा तरी त्याला आईला भेटू द्या. त्या जरासुद्धा चिडल्या नाहीत. "आमी काय चुकलो बाई? लांब ठेवा म्हणून तूच सांगितलीस. आमी डॉक्टरचं ऐकलं." मी पायात चपला घातल्या आणि निघाले.

तशीच खजुरीला आले. अक्का अंगणात तूर पाखडत होती. तिच्यासमोर बसले आणि नऊ वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. बाळाला लांब ठेवा हे मी म्हणाले होते, अव्वाचं ऐकलं असतं तर तुझं लेकरू तुझ्याजवळ असतं.

"मला ठाव हाय," अक्का म्हणाली. सूप तिनं थांबवलं नाही. "फोन त्यांनी स्पीकरवर टाकला हुता. मी आतल्या खोलीत बाजेवरच हुते की."

"मग इतकी वर्षं बोलली कामून न्हाईस?"

"बोलले असते तर तू यायची बंद झाली असतीस. लेकरू तर गेलंच हुतं."

गाव सोडून माझ्यासारखे बाहेर पडलेले लोक भेटले की घराच्या आठवणी काढतात, तेव्हा मी चहा सांगायला उठते. मी पूर्वीसारखीच दर महिन्याला खजुरीला जाते. अक्कानं मला माफ केलेलं नाही आणि मीही तसं मागत नाही. ती मला येऊ देते, म्हणून अजून मला घर आहे.