हेडमास्तरांच्या कूलरमधलं अस्वल

जुनी ताटी हातात आली की मॅडम ती आधी नाकाजवळ न्यायच्या. डोळे मिटून वास घ्यायच्या, आपण आंबा घेताना घेतो तसा. मी म्हणायचो, "फेका ते, मेलं आहे सगळं." की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "मेलं म्हणू नका काका. वाळलं म्हणा."

तुम्ही नागपूरचे असाल तर ताटी म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. कूलरच्या तीन बाजूंना जाळीत लाकडाचं गवत भरलेलं असतं, त्यावरून पाणी झिरपतं आणि पंखा गार हवा आत ओढतो. होळी झाली की अख्खं शहर हे गवत बदलवतं. इतवारीत माझं त्याचंच दुकान आहे. शाळा मी चौथीत सोडली, पण मी हात लावला आणि कूलर चालला नाही असं अजून व्हायचं आहे.

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा दुकानापुढे काढलेल्या ताट्यांचा ढीग पडला होता. स्कूटरवरून एक बाई उतरली, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, आणि सरळ तो ढीग उकरू लागली.

"ह्या कोणाच्या घरच्या आहेत?"

मला वाटलं महानगरपालिकेची आहे. "काहून? चालान फाडता काय?"

"नाही हो. विकत घ्यायच्या आहेत."

हे तर त्याहून वाईट. मी म्हटलं, "मॅडम, जुनं गवत नव्यात मिसळवून विकणारा मी नाही. दुसरं दुकान पाहा."

त्या इतक्या हसल्या की दुपट्टा सुटला. मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. जीव पिढ्यान् पिढ्या कसे बदलत जातात हे पाहणं त्यांचं काम. मी लगेच अडवलं. "म्हणजे माकडाचा माणूस झाला तेच ना? मंग आता काहून नाही होऊन राहिला?"

"माकडं आपले आजोबा नाहीत काका, मावसभाऊ आहेत. मावसभाऊ कधी तुमच्यासारखा होतो काय?"

मला माझा मावसभाऊ आठवला. मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

पुढे एकदा त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं आणि दुर्बिणीसारख्या एका यंत्राला डोळा लावायला सांगितलं. पाण्याच्या थेंबात आठ पायांचं गुबगुबीत अस्वल चाललं होतं. नखंसुद्धा होती. माझ्या फेकलेल्या गवतातलं. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ह्या जीवाला पाणअस्वल म्हणतात म्हणे. पाणी आटलं की ते पाय पोटात घेऊन गोळी होतं आणि पाणी मिळेपर्यंत तसंच पडून राहतं. नागपूरच्या कूलरमध्ये उन्हाळाभर ओलं, बाकी वर्षभर कोरडं. ज्याला हे जमलं नाही ते गेलं, ज्याला जमलं त्याची पोरं राहिली. "ही परीक्षा तुमच्या शहरानं घेतली काका, मी फक्त निकाल वाचते," मॅडम म्हणायच्या.

त्यांना हे जीव आकाशात पाठवायचे होते. वर हवा नाही, आणि तिथली किरणं शरीराची आतून मोडतोड करतात. हा जीव ती मोडतोड दुरुस्त करतो. कशी करतो ते कळलं तर पुढे माणसाच्या कामी येईल, असा त्यांचा हिशेब.

"असं घर सांगा जिथं गवत कधीच बदललं नाही," त्या म्हणाल्या.

असा माणूस मला तोंडपाठ होता. महाल भागातले एक निवृत्त हेडमास्तर. दर वर्षी मी जायचो आणि दर वर्षी ते म्हणायचे, "अजून एक उन्हाळा निघते गा." शेवटी मी फुकटात नव्या ताट्या लावून दिल्या, तेव्हा कुठे जुन्या सुटल्या. आणि तुम्हाला खोटं वाटेल, सगळ्यांत चिवट अस्वलं त्यातच निघाली. प्रयोगशाळेत त्या जातीचं नावच पडलं 'हेडमास्तर'. सकाळी आल्या आल्या मॅडम विचारायच्या, "हेडमास्तर उठले काय?"

वर पाठवायला मात्र रॉकेटात जागा मिळेना. दर वेळी मोठ्या शहरातून नकार यायचा. एका विद्वानानं तर तोंडावर विचारलं, कूलरचा कचरा आकाशात पाठवायचा काय? हे मला त्यांनी हसत सांगितलं, पण बोलताना माझ्या टेबलाचा रंग नखानं खरवडत होत्या. केस पांढरे झाले, रिटायरमेंट जवळ आली, आणि तेव्हा कुठे होकार आला. चुन्याच्या डबीएवढी जागा. हेडमास्तर वाळून त्या डबीत बसले आणि गेले. परत आल्यावर ते उठले नाहीत तर मॅडमना पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

डबी परत आली ती भर मे महिन्यात. मी दुकानाला कुलूप लावलं. मे महिन्यात कूलरवाल्यानं दुकान बंद ठेवणं म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या.

प्रयोगशाळेत दोन काचेच्या वाट्या होत्या. एकीत इथंच ठेवलेले जीव, दुसरीत वर जाऊन आलेले. मॅडमनी दोन्हींत पाणी सोडलं. इथले थोड्याच वेळात चालू लागले. वरचे गोळीच्या गोळी.

मी म्हटलं, "मॅडम, हे शुद्ध पाणी त्याहिले ओळखू येऊन नाही राहिलं. मी कूलरच्या टाकीतलं आणलं आहे." खरंच बाटली भरून नेली होती.

"गप्प बसा हो काका."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं बोलल्या. मी अशा बोलण्यावर उठून जाणारा माणूस. गेलो नाही. बाटलीचं झाकण उघडून तिथंच बसलो. दुपार चढली. मॅडम यंत्रावरून डोळा काढीनात. 'वाळलं म्हणा' हे नेहमीचं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि ते म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मग त्या हळूच म्हणाल्या, "काका, पाय."

मी माझा पाय मागं घेतला.

"तुमचा नाही हो. ह्याचा!"

एक पाय हलला होता. मग दुसरा. ऊन उतरेपर्यंत अर्ध्याहून जास्त वाटी चालायला लागली. त्यांनी तोंड धुतलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा तोंड धुतलं. मी आजही म्हणतो, बाटली उघडी होती, टाकीच्या पाण्याचा वास लागला असेल. त्या मानत नव्हत्या. नका मानू.

आता मॅडम नागपुरात नाहीत. रिटायर होऊन पुण्याला बहिणीकडे गेल्या. वाटीतल्या हेडमास्तरांची नातवंडं मॅडमचे विद्यार्थी सांभाळतात. मला मात्र त्या दिवशीची परतीची वाट दिसते. त्या मला स्कूटरवर मागं बसवून इतवारीकडे निघाल्या होत्या. सिग्नल लाल होता, वर उन्हासाठी बांधलेली हिरवी जाळी. एकाएकी त्यांचे खांदे सैल पडले. मला वाटलं, चक्कर आली. वाकून पाहिलं तर हेल्मेटच्या काचेआड डोळे मिटलेले आणि तोंडभर हसू.

सिग्नल हिरवा झाला. त्या हलल्या नाहीत. मागं हॉर्न सुरू झाले. एक ऑटोवाला ओरडला, "ओ काकाजी, सो गये क्या?"

मी वळून हात वर केला. "थांब ना गा. बाईले थोडं बसू दे."