विंचवावर इंग्रजीचा उतारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी काय करून बसलो ते ऐकल्यावर तुम्ही मला चहासुद्धा विचारणार नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलो होतो. डोणगावजवळ आमचा वांग्याचा मळा. बाबांनी बजावून ठेवलं होतं, "ह्या खेपेले पास झाला तं मास्तरकी, नाई तं जन्मभर वांगे." वांग्यांना मी फार भीत होतो.

इंग्रजीची तऱ्हा तुम्हाला माहीतच आहे. शब्द तोच, पण नाम झाला की एक अर्थ आणि क्रियापद झाला की भलताच. म्हणून मी मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डोळे मिटून घोकत बसायचो, "बेअर नाम असता अस्वल, बेअर क्रियापद असता सोसणे. वेल नाम असता विहीर, वेल विशेषण असता ठणठणीत."

एका संध्याकाळी शेजारच्या मळ्यातले सदाभाऊ लंगडत आले. पायाला विंचू चावला होता. माझं पुटपुटणं ऐकलं आणि समोर पाय पसरून बसले. माझे डोळे मिटलेले, मला काय पत्ता? मी आपला घोकतोय. थोड्या वेळानं ते उठले.

"उतरला बे पोट्ट्या. कोन्या गुरूनं देल्ला हा मंत्र?"

"भाऊ, हे इंग्रजीचं व्याकरण होय."

"नको सांगू. सांगतला का मंत्राचा गुन जाते." त्यांनी दोन्ही कान झाकून घेतले.

मग काय विचारता! पार दुसरबीडहून बैलगाड्या यायला लागल्या. आलेल्याला नाही म्हणायचं नाही आणि मंत्र फोडायचा नाही, हा विंचू उतरवणाऱ्याचा नेम. एका म्हातारीला तर नुसतं 'बेअर' म्हणताच गाढ झोप लागली. विंचू आपोआप उतरत असेलही, पण लोक पाया पडायला लागले की माणसाला स्वतःचंच खरं वाटू लागतं. मलाही वाटलं.

परीक्षा मेहकरला. पेपर उघडतो तर काय, शब्दाची जात बदलल्यावर होणारे अर्थ लिहा. बेअर, वेल, सगळा माझाच मंत्र ओळीनं छापलेला! हात शिवशिवले, पेन उचललं आणि लगेच खाली ठेवलं. कागदावर लिहिला म्हणजे मंत्र फुटलाच की. उद्या कोणी ठणकता पाय घेऊन आला तर त्याला काय सांगू? मी तो प्रश्न कोरा सोडला. नापास झालो, तेही नेमक्या तेवढ्याच मार्कांनी.

निकाल ऐकून बाबांनी विचारलं, "तो सवाल येत नवता काय?"

"तोंडपाठ होता."

"मंग काऊन नाई लिवला?"

"लिवला असता तं मंत्र गेला असता."

बाबांनी वांग्यांची टोपली माझ्यापुढे सरकवली. मग ते शांतपणे म्हणाले, "बरं केलं. तुले येत होती तेवढी एकच गोष्ट, ते तरी वाचवली."