बंद इंजिनाचा उतार

मंडळी, तालमीच्या फळ्यावर लिहितोय, कुणी पुसू नका. अक्षर सांभाळून घ्या.

आज सकाळी बंडाच्या फटफटीवर मागं बसून पन्हाळ्यावरनं खाली येत होतो. उतार लागला तसं बंडानं इंजिनच बंद केलं. म्हणाला, "पेट्रोल कूपनावर मिळतंय, उतार फुकट हाय की!"

गाडी सुसाट सुटली, पण आवाज म्हणून कसला न्हाय. वळणावर एक म्हातारा म्हैस घेऊन रस्त्याच्या मधनं चाललेला, आमच्याकडं पाठ. त्याला ऐकू येणार कसं? बंडानं करकचून ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं आणि आम्ही दोघं रस्त्याकडच्या चरात.

म्हातारा काठी टेकत आला. "पावणं, जिवंत हायसा न्हवं? मग आवाज तरी करत यायचं की!"

बंडाचा गुडघा फुटलाय. तरी सगळ्यांना सांगत सुटलाय, ब्रेकनं दगा दिला.

उद्या तो बायकोला, म्हंजी आपल्या वहिनींना, मागं बसवून पन्हाळा दाखवायला नेणार हाय. येताना तोच उतार.

वहिनींना काही सांगणार न्हाय, असा शब्द त्यानं माझ्याकडनं घेतलाय.

तुमच्याकडनं घेतलाय का?