दुसऱ्याचं नाक

दुकानात एक आजोबा मोहरीच्या सॅलड ड्रेसिंगची बाटली झाकणासकट नाकाशी धरून हुंगत होते. “सील आहे आजोबा, वास नाही यायचा,” दुकानातली मुलगी म्हणाली. त्यांनी बाटली हळूच जागेवर ठेवली आणि मला आईचा खल आठवला.

काकडीच्या कोशिंबिरीसाठी आई मोहरी फेसायची. मोहरीची पूड, जरासं पाणी, आणि मग बत्ता गरगर फिरत राहायचा. फेसता फेसता तिचंच नाक बधिर होई. “आपण फेसलेली मोहरी आपल्याला कळत नाही गं, दुसऱ्याचं नाक लागतं,” ती म्हणायची. मग खल घेऊन बाहेरच्या खोलीत जाई आणि पेपर वाचणाऱ्या बाबांच्या नाकाखाली धरी. “चढली का हो?” बाबा बिचारे इमानदारीत खोल श्वास घेत. झणका थेट टाळूला जाई, डोळ्यांतून पाणी येई, शब्द फुटत नसे. हातानंच ‘पुरे, पुरे’ म्हणत. आई खुशीत दही घालायला वळे.

बाबा गेले आणि घरात तसल्याच तयार ड्रेसिंगची बाटली आली. आम्हाला वाटलं, आता आईचे हात दुखत असतील.

आज घरी येऊन माझ्या एकटीपुरती मी मोहरी फेसली. कधी थांबायचं तेच कळेना. शेवटी खल उचलून बाहेरच्या खोलीत गेले. खुर्ची रिकामी होती.

आईचे हात कधीच दुखत नव्हते.